फाटकापाशीच्या कुंड्या

आता तुम्ही नाक मुरडणार, हे मला आधीच ठाऊक आहे. मुरडा बापडे. सगळं शहर सकाळी उठून जे करतं आणि साखळी ओढून मोकळं होतं, त्याचं पुढे काय होतं याची चौकशी करावी असं कुणाला वाटत नाही. पाणी वाहून गेलं, आपण सुटलो. पण ते जातं कुठेतरीच ना? ते जातं शहराच्या टोकाला, सांडपाण्याच्या केंद्रात. तिथे पाणी वेगळं होतं, गाळ वेगळा होतो. पाणी स्वच्छ होऊन नदीला मिळतं, त्याचं कौतुकही होतं. मागे उरतो तो काळा, ओला, चिकट गाळ. त्याचं काय करायचं, हे ज्या माणसाच्या गळ्यात पडलं होतं त्याची ही गोष्ट आहे.

केंद्रात त्याला सगळे नाना म्हणत. घरी बायको नुसतं 'अहो' म्हणे, मुली 'बाबा' म्हणत. आणि जगात एकच माणूस त्याला 'बारक्या' म्हणायचा, ती त्याची थोरली बहीण. डोकं पांढरं झालं, गुडघे कुरकुरायला लागले, निवृत्ती दाराशी येऊन बसली, तरी तिच्या तोंडी तो बारक्याच. म्हणजे असायचा. गेल्या आठ वर्षांत ताईनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

आई लवकर गेली, तेव्हा हा एवढासा होता आणि ताईचंही काही फार वय नव्हतं. तिनं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेच्या दारात रडत उभा राहिला की पाठीत एक धपाटा घालून आत ढकललं. तिचं लग्न शहराबाहेर भाजीपाला पिकवणाऱ्या घरात झालं, तेव्हा वरातीमागे रडत धावणारा हाच होता. पुढे त्याला केंद्रात नोकरी लागली, तीही गाळाच्या विभागात, आणि सगळ्या नातेवाइकांची तोंडं वाकडी झाली. ताईच्या सासरच्या मंडळींनी तर काही दिवस तो दुसरीकडे कुठेतरी कारकून आहे असंच सांगितलं. ताई तेवढी म्हणाली की वास हाताला येतो आणि हात धुता येतात, तू खुशाल जा. हा तिच्या एका शब्दावर गेला आणि जन्मभर तिथेच राहिला.

बरं, काम काही गमतीचं नाही. गाळ वाफ्यांवर वाळवायचा, त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा आणि लांबच लांब ढीग लावायचे. ढीग आपोआप आतून तापतो. असा तापतो की सकाळच्या गारव्यात त्यातून वाफ निघते आणि आत हात घातला तर पोळतो. मग तो पलटायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, म्हणजे कणन् कण त्या तापातून गेला पाहिजे. शहरातले धातूचा मुलामा देणारे कारखाने गुपचूप आपलं पाणी गटारात सोडतात, त्यानं गाळात नको ते धातू उतरतात, म्हणून त्यांच्या मोऱ्यांवरही डोळा ठेवायचा. हे सगळं सांभाळलं की शेवटी हातात येतं ते काळंभोर, भुसभुशीत सोनखत. त्याला मातीचा वास येतो. खोटं वाटत असेल तर जाऊन हुंगा.

आणि यात एक मोठा चिवट प्राणी आहे, टोमॅटोचं बी. माणसानं खाल्लं, पोटातून गेलं, नळांतून वाहिलं, टाक्यांत बुडालं, तरी ते मरत नाही. वाळवणीच्या वाफ्यांवर टोमॅटोचं असं रान माजतं की नव्या माणसाला वाटावं, इथे शेतीच करतात. ते मरतं फक्त ढिगाच्या तापात. बी मेलं म्हणजे जंतांची अंडी आणि रोगाचे जंतू यांचाही निकाल लागला असं धरायला हरकत नाही. उलट तयार खतातून टोमॅटो वर आला, तर समजायचं की ढीग कच्चा राहिला. केंद्रात झाडूवाल्यापासून प्रयोगशाळेतल्या बाईंपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईनं हे खत सगळ्यांत आधी नेलं. तिच्या गावात कुणी हात लावायला तयार नव्हतं, तेव्हा हिनं आपल्या वाफ्यांत टाकलं, पालक असा काही आला की बघणाऱ्यानं बघत राहावं. मग तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटवलं. माझ्या भावाच्या हातचं आहे, म्हणायची. त्या एका वाक्यावर गावच्या गाड्या केंद्राच्या फाटकाशी यायला लागल्या.

आणि मग ते वर्ष आलं. ढीग पलटायचं यंत्र बिघडलं, सुटा भाग येता येईना. इकडे ताईची पेरणी तोंडावर. ती रोज विचारायची, बारक्या, माझ्या वाफ्यांचं काय? नानानं मातीकामाचा साधा लोडर लावून ढीग पलटून घेतला. आता लोडरची गंमत अशी की तो वरवर लोटतो. बाहेरची साल लोळत लोळत बाहेरच राहिली, आतलं आतच राहिलं. तपासणीचा नमुना काढला तो ढिगाच्या पोटातून, आणि पोट चांगलं तापलेलं, त्यामुळे निकाल स्वच्छ आला. नानाच्या मनात पाल चुकचुकली होती. आणखी एकदा पलटावं, असं त्याला वाटलं होतं. पण ताई थांबली होती ना. खत गेलं, ताईकडे आधी आणि तिच्यामागून गावात.

काही दिवसांनी तिचा फोन आला, हसत हसत. म्हणाली, तुझ्या खतातून फुकटचे टोमॅटो उगवलेत रे पालकात, ठेवू की उपटू? नाना फोन हातात धरून तसाच पायरीवर बसला. पालक म्हणजे लोक कोवळा कोवळा खुडून कच्चाही खातात. काही होईलच असं नाही, पण होणार नाही असंही कुणी सांगू शकत नव्हतं. तो उठला आणि सरळ प्रयोगशाळेतल्या बाईंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गाड्या गावात शिरल्या. तोंडाला मुखपट्ट्या, हातात मोजे, अंगात पिवळी जाकिटं. पहिलं शेत ताईचं, कारण पहिलं खत तिचं. सगळं गाव बांधावर जमलं. उभं पीक उपटून गोण्यांत भरलं गेलं, आणि उपटणाऱ्यांत नानाही होता. इतरांनी ताईच्या शेतात हात घालावा हे त्याला सहन होईना म्हणून तो आला होता. ताईला दिसलं ते एवढंच की आपला भाऊ तोंड बांधून आपल्या पिकात उभा आहे.

ती ओरडली नाही की रडली नाही. विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून म्हणाली, "माझ्या दारात तोंड बांधून आलास. आता तेच तोंड घेऊन परत फिर."

कुणी आजारी पडलं नाही. नुकसानभरपाईही झाली. पण ताईचा शब्द गेला होता, आणि त्याची भरपाई कोण देणार? बाजारात तिच्या टोपलीशी कुणी थांबेना. बायका लांबून विचारायच्या, तीच का ही शहराच्या घाणीतली भाजी? गावात ज्यांना तिनं पटवलं होतं ते तिच्या तोंडावर तिला दोष देत नसत, पण बोलणं बंद केलं होतं. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सबुरीनं समजावून पाहिलं. ताईनं भावाचं नाव घरात काढायचं नाही असं सांगून टाकलं.

केंद्राचंही दिवाळं वाजलं म्हणा ना. खत कुणी फुकट नेईना. ढिगांवर ढीग साचले, शेवटी ट्रक भरभरून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकायची पाळी आली. तेव्हा केंद्रानं शेतकऱ्यांची आणि भाजीवाल्यांची सभा बोलावली. बाईंनी नवं यंत्र दाखवलं, आता नमुना ढिगाच्या सालीतून, पायथ्यातून, सगळीकडून काढतो म्हणून सांगितलं, तपासणीचे निकाल वाचून दाखवले. लोक ऐकून घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मग मागून एक भाजीवाली उठली, अंगानं आडवी, आवाजानं त्याहून. म्हणाली, तुमचे निकाल तुम्हाला लखलाभ, मला वाचता येत नाहीत. मला माझ्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा.

बाईंनी नानाकडे पाहिलं, नानानं बाईंकडे. टोमॅटोची गोष्ट मग दोघांनी मिळून सांगितली. बाई म्हणाल्या, आम्ही दर ढिगाच्या खतात पाणी घालून प्रयोगशाळेत कुंड्या ठेवू. भाजीवाली म्हणाली, प्रयोगशाळेत कशाला? तिथे तुम्ही उपटाल आणि आम्हाला कळणारही नाही. फाटकापाशी ठेवा, रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. हशा पिकला. पण बाईंनी ते तिथल्या तिथे मान्य केलं, आणि त्यांच्या वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घालत का होईना, होकार दिला.

तेव्हापासून ती रीत पडली. ढीग तयार झाला, तपासणीतून पार पडला, की त्याच्या साली-पायथ्याचं खत कुंड्यांत भरायचं आणि कुंड्या फाटकाबाहेरच्या ओट्यावर मांडायच्या, त्यावर ढिगाचा क्रमांक लिहायचा. ठरलेले दिवस पाणी घालायचं. एकाही कुंडीत टोमॅटो उगवला तर अख्खा ढीग परत. मग तपासणीचा निकाल कितीही गोड असो.

सुरुवातीला लोक तमाशा बघायला यायचे. पेन्शनर म्हातारे सकाळच्या फेरीत कुंड्यांपाशी थांबून डॉक्टर नाडी बघतो तसं बघायचे. पहारेकऱ्याला शेळ्या हाकलायचं नवं काम लागलं, तो स्वतःला बागेचा मालक म्हणवून घ्यायला लागला. एकदा कुणा टवाळानं घरून आणलेलं टोमॅटोचं रोप कुंडीत खुपसून ठेवलं. पहारेकरी शपथेवर सांगत होता की हे काल नव्हतं. नानालाही रोपाच्या मुळाशी दुसरीच तांबडी माती दिसत होती. तरी त्यानं ढीग परत पाठवला. पहारेकरी वैतागून म्हणाला, नाना, तुम्ही म्हणजे कमाल करता. नाना म्हणाला की आपल्याला दिसतं ते लोकांना दिसत नाही, त्यांना फक्त टोमॅटो दिसतो. ही गोष्ट बाजारात पोचली. पुढच्या ढिगाला ती भाजीवाली स्वतःच्या दिराची गाडी घेऊन हजर झाली.

हळूहळू सगळे परत आले. ताईच्या गावचेही आले. सकाळी फाटकाशी टेंपो रांगेनं लागायचे, आणि नाना काहीतरी काम काढून रांगेच्या टोकापर्यंत चालत जायचा. प्रत्येक गाडीत कोण बसलंय ते बघायचा. कुठे कंबरेला पदर खोचलेली उंच बाई दिसली की त्याचे पाय तिकडे वळायचे. जवळ जाऊन पाहावं तर दुसरीच कुणीतरी असायची. मग उगाच तिला पावती नीट ठेवा म्हणून सांगून तो मागे फिरायचा.

सुटीच्या दिवशी बायकोला म्हणायचा, केस कापून येतो. निघायचा तो बस धरून थेट ताईच्या गावच्या रस्त्याला. तिच्या शेताच्या अलीकडे एक पूल आहे, तिथे उतरायचा आणि कठड्याला टेकून उभा राहायचा. लांबवर ती दिसायची, वाकलेली, कधी पाणी देताना, कधी खुरपताना. तिची चाल जड होत चालली होती. वाफे दरवर्षी फिके पडत होते, बांधाच्या पलीकडे शेजाऱ्यांचं हिरवंगार आणि हिचं पिवळट. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढंच अंतर. तो परतीच्या बसची वाट बघत उभा राहायचा आणि तसाच घरी यायचा. बायको दार उघडून त्याच्या डोक्याकडे बघायची, जसंच्या तसं वाढलेलं. न्हावी आज पण नव्हता वाटतं, एवढंच म्हणायची आणि ताट वाढायची.

दाजी अधूनमधून फोन करायचे, परसात जाऊन, दबक्या आवाजात. त्यांच्याकडून कळायचं की ताईची कंबर धरलीय, जमीन दगडासारखी झालीय, शेजारी म्हणतात सोनखत टाक, ती ऐकते आणि खुरपं उचलून चालू लागते. नाना एकदा म्हणाला की मी रात्रीतून एक गाडी टाकून जाऊ का, तिला कळणारही नाही. दाजी म्हणाले, तिला कळणार नाही असं या जगात काही नाही, आणि ती ते गाडीभर खत परत तुझ्या फाटकात आणून ओतेल. दोघंही हसले. आपण निवृत्त झालो की या फाटकात येण्याचं तिला कारणच उरणार नाही, ही धास्ती नानाला आतून खात होती. खताच्या निमित्तानं आली तर येईल, नुसत्या भावासाठी ती येणारी नव्हती, हे तो ओळखून होता.

तो शेवटच्या वर्षातला एक दिवस. एका मोठ्या ढिगाचं वाटप होतं. तपासणी पार पडलेली, कुंड्यांचे ठरलेले दिवसही भरलेले. बाहेर टेंपोंची रांग लागलेली. नाना नेहमीसारखा कुंड्यांवरून शेवटची नजर फिरवत होता आणि टोकाच्या कुंडीपाशी थबकला. मातीला जराशी भेग पडली होती आणि त्यातून एक अंकुर मान वाकवून वर येत होता. दोन पानं अजून मिटलेलीच.

तो खाली वाकला, आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "खत न्यायचंय. कुठे विचारू?"

पहारेकऱ्यानं ओट्याकडे बोट केलं. नानाला वळून बघायची गरजच नव्हती. तो आवाज त्यानं आईच्या आधी ओळखला असेल.

ताई आली होती. काखेत रिकाम्या पोत्यांची घडी, मागे टेंपोवाला. ती थेट कुंड्यांपाशी गेली, पहिल्या टोकाला, आणि एकेक कुंडी बघत निघाली. बघत म्हणजे नुसती नाही, बोटानं माती उकरून, चिमटीत चुरून. नानाकडे तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. तो आता शेवटच्या कुंडीकडे पाठ करून उभा होता, आणि ती कुंडी त्याच्याआड झाकली गेली होती.

अंगठा टेकवला असता तर काम झालं असतं. खरंच, एवढंच. एखाद्या पाखरानं टाकलेलं बी असेल, असं म्हणताही आलं असतं. अंकुर कशाचा आहे हे अजून नक्की दिसतही नव्हतं, गवतही असू शकेल. आणि ताई आली होती, स्वतःच्या पायांनी, पोती घेऊन. आज ती रिकाम्या हातानं गेली तर पुन्हा येईल याची काय खात्री? नानाला वाटलं, एकदा, फक्त एकदा तिच्या वाफ्यात आपल्या हातचं खत पडू दे, मग मला काही नको. त्याचा हात मागे गेलाही. कुंडीच्या काठाला बोटं लागली.

मग त्याला आठवलं की मागच्या वेळीही ती थांबली होती म्हणूनच त्यानं घाई केली होती. त्यानं हात काढून घेतला आणि तो बाजूला झाला.

ताई शेवटच्या कुंडीशी आली. वाकली. अंकुर दोन बोटांत हलकेच धरून तिनं चुरला आणि बोटं नाकाशी नेली. टोमॅटोच्या पानांचा वास लपत नाही. तिनं आठ वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

नाना म्हणाला, "आज देता यायचं नाही, ताई. ढीग परत घ्यावा लागेल."

त्यानं पहारेकऱ्याला हाक मारली आणि वाटप बंद म्हणून सांगितलं. रांगेत एकच कालवा उठला. कुणी हॉर्न वाजवले, कुणी केंद्राच्या नावानं बोटं मोडली, एकानं तर नानाच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मग गाड्या एकेक करून वळल्या. ताईचा टेंपोवाला कपाळावर हात मारून घेत होता. ताई ओट्यावर टेकली, कुंड्यांच्या शेजारी. नाना उभाच राहिला, तिच्या शेजारी बसायची त्याची हिंमत नव्हती.

मग ती म्हणाली, "त्या वेळी मला एकटीला सांगितलं असतंस तर मी गुपचूप उपटून टाकलं असतं."

"बाकीच्यांच्या वाफ्यात तेच होतं, ताई."

"ते मला तेव्हाही कळत होतं," ताई म्हणाली. "कळत होतं म्हणून तर जास्त लागलं. चूक तुझी आहे असं धड म्हणताही येईना."

नाना म्हणाला, "चूक माझीच होती. मी घाई केली. तू वाट बघत होतीस म्हणून." एवढं बोलून तो कुंड्यांकडे बघत राहिला. ताईनं त्याच्या पांढऱ्या, वाढलेल्या केसांकडे पाहिलं.

"पुलावर येऊन उभा राहतोस तेव्हा जाता जाता केस तरी कापून घेत जा," ती म्हणाली. "पुढचा ढीग कधी निघतो?"

नानानं सांगितलं. ती हातानं ओट्याचा आधार घेत उठली. तो आधार द्यायला पुढे झाला, तिनं त्याचा दंड धरला आणि टेंपोपर्यंत तसाच धरून ठेवला. बसता बसता काखेतली घडी त्याच्या हातात दिली.

"ही इथेच ठेव, बारक्या. पुन्हा कोण वाहून आणणार?"

टेंपो वळणापलीकडे गेला तरी नाना रस्त्यातच उभा होता. पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, नाना, ही जुनी पोती कुठे टाकू? नानानं त्याच्या हातात दिली नाहीत. त्यानं घडी उलगडली. पोत्यांवर केंद्राचा शिक्का होता, त्या घटनेनंतर बदलून टाकलेला, तो जुना शिक्का, धुऊन धुऊन फिका पडलेला. फाटलेल्या कडा निळ्या दोऱ्यानं नीट शिवलेल्या होत्या. त्या वर्षी त्यानंच भरून पाठवलेली पोती होती ती.

त्यानं तशीच घडीवर घडी घातली, आपल्या खुर्चीखाली ठेवली आणि ढीग पुन्हा पलटायला लावायचा म्हणून तो यंत्राकडे गेला.